शाईचं जेवण

मतदानाच्या दिवशी रोकड्यांच्या घरात सकाळी सातलाच मटण चुलीवर चढायचं आणि दुपारपर्यंत कुणाला मिळायचं नाही. आधी डाव्या हाताच्या बोटावर शाई दाखवायची, मगच पानावर बसायचं. चहा चालायचा. चहात बिस्किट बुडवायला मात्र बंदी होती, कारण बिस्किट हे खाणं आहे असा निकाल द्रौपदीबाईंनी फार वर्षांपूर्वी दिला होता आणि त्यावर अपिलाची सोय नव्हती.

हा नियम घालून दिला तो द्रौपदीबाईंच्या सासऱ्यांनी, देशातल्या पहिल्या निवडणुकीत. पडघ्याकडच्या गावात ते पहाटेच रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे गावचा पाटील, मागे पाटलाचा भाऊ आणि मध्ये हे. भूक लागली, पण भाकरी खायला घरी गेलो तर परत आल्यावर या दोघांच्या मध्ये आपल्याला कुणी उभं राहू देईल याची त्यांना खात्री नव्हती. दुपारी घरी येऊन त्यांनी बायकोला बोट दाखवलं आणि म्हणाले, आता वाढ. पुढे त्यांचे चिरंजीव यादवराव भिवंडीच्या नगरपालिकेत पाणी सोडणारे चावीवाले म्हणून लागले, तेव्हा गावाहून येताना एक पत्र्याची ट्रंक, एक तसबीर आणि हा नियम एवढंच घेऊन आले होते.

यादवराव जूनमध्ये गेले. त्यामुळे यंदाच्या विधानसभेला नियमाची राखण थोरल्या धम्मपालकडे आली. तशी ती आधीपासून त्याच्याकडेच होती म्हणा. दापोड्याच्या गोदामात पंचवीस वर्षं माल रवाना करण्याचं काम केलेला हा माणूस. कागद बघितल्याशिवाय त्याने गेटबाहेर एक खोकं कधी जाऊ दिलं नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांची नावं मतदारयादीत त्यानेच चढवली होती. कुणी मतदानाला आळस केला की तो दारात उभा राहून अर्धा तास लोकशाहीवर बोलायचा, आणि पुष्कळ लोक केवळ तो अर्धा तास वाचावा म्हणून मत देऊन यायचे.

असा हा धम्मपाल त्या बुधवारी सकाळी मोरीजवळ उभा राहून, आज मतदानच रद्द झालं तर किती बरं होईल, असा विचार करत होता.

कारण त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. चार दिवसांपूर्वी घरोघर मतदारचिठ्ठ्या वाटायला बाई आल्या, तेव्हा नशिबाने दारात तोच होता. चिठ्ठ्या पाच आल्या. त्याची, बायको नेत्राची, धाकटा भाऊ राकेशची, मुलगी दीक्षाची. आणि पाचवी आईची असायला हवी होती, ती होती बाबांची. यादवराव रोकडे, वय एक्क्याऐंशी, यादीत ठणठणीत. आईचं नाव नव्हतं. धम्मपालने अर्ध्या दिवसाची रजा टाकून निवडणूक कार्यालय गाठलं, तेव्हा कळलं की द्रौपदी यादव रोकडे ही मतदार मयत असल्याने तिचं नाव वगळलं आहे, आणि तसा रीतसर अर्ज घरातूनच आला आहे. अर्जदाराचं नाव धम्मपाल यादव रोकडे.

झालं होतं असं. बाबांच्या जलदानविधीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना याच्या डोक्यात आलं की बाबांच्या नावावर कुणी बोगस मत टाकलं तर? बाबांनी आयुष्यभर जपलेल्या गोष्टीला डाग लागेल. लगेच ट्रंक उघडून त्याने मतदारकार्डं काढली. आईबाबांची कार्डं बाबांनी एकाच प्लास्टिकच्या कव्हरात पाठीला पाठ लावून ठेवली होती. धम्मपाल रडत होता, चष्मा ओला होता. नाव वगळायच्या अर्जात नंबर टाकला, मोबाईलवर नाव उमटलं, त्यात त्याला रोकडे दिसलं आणि यादव दिसलं. बायकोच्या नावात नवऱ्याचं नाव असतंच, हे त्या घटकेला त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने बटण दाबलं. आठवड्याने फोन आला, रोकड्यांकडे मयत झालीय ना, म्हणून. झालीय, हा म्हणाला, आणि परत रडला.

आता काही होणार नाही, यादी पक्की झाली, निवडणुकीनंतर नाव चढवायचा सहा नंबरचा फॉर्म भरा, असं कार्यालयातल्या माणसाने सांगितलं. चार दिवस धम्मपालने तोंड उघडलं नाही. आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? त्रेपन्न वर्षांत जिने एक मतदान चुकवलं नाही, राकेशच्या वेळी दिवस भरलेले असताना जी बैलगाडीतून केंद्रावर गेली होती, तिला तिच्या थोरल्या लेकाने कागदावर मारून टाकलं होतं.

आणि आई यंदा भलतीच उतावीळ झाली होती. नवरा जाऊन पाच महिने झालेली बाई, पण आठवडाभर तिचं एकच चाललेलं. पांढरं लुगडं धुऊन, घडी करून उशाखाली ठेवलं होतं. रात्री मध्येच उठून, सकाळ झाली का, असं विचारायची. इतकी घाई तिला आजवर कधी नव्हती.

घरात भांडण चालू होतं ते वेगळंच. दीक्षा मत देणार नव्हती.

दीक्षा बावीस वर्षांची, कल्याणला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. कोन गावावरून रोज स्कूटीने ये-जा. पावसाळ्यात ती खड्ड्यात पडली आणि डावा हात चाळीस दिवस प्लास्टरमध्ये राहिला. ती डावखुरी, त्यामुळे खाणंपिणं, लिहिणं सगळंच बंद. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की आजी त्या हातावर फटका द्यायची. आता आजीने गमतीने म्हटलं की बघ, खड्ड्यानं तुला वळण लावलं. पण दीक्षाला गंमत सुचत नव्हती. तिने त्या खड्ड्याची मोबाईलवर सतरा वेळा तक्रार केली. सतराही वेळा उत्तर आलं, तक्रारीचं निराकरण झालं आहे, आणि सोबत गुळगुळीत रस्त्याचा फोटो. तो रस्ता कुठला ते तिला अजून सापडलं नव्हतं. त्या दिवसापासून ती म्हणत होती की ज्यांच्या कागदात खड्डा बुजलेला आहे त्यांना माझं मत कशाला हवंय, तेही त्यांनी कागदातच टाकून घ्यावं.

नेत्राने समजावलं, ओरडली, शेवटी मटणाचं झाकण उघडून वास सोडला. दीक्षा म्हणाली, मी वडापाव आणलाय. नियमाच्या इतिहासात असा बंडखोर उद्गार या घरात पहिल्यांदाच निघाला होता.

धम्मपालची बहीण धम्मदिना कोनला दिलेली. ती सकाळी तिकडे मत टाकून, बोट मिरवत दहाला आली आणि आल्या आल्या भाचीवर तुटून पडली. राकेश टेम्पो घेऊन नाशिकला निघाला होता, तो जेवणासाठी थांबला. त्याची लोकशाहीवरची श्रद्धा मटणाच्या वासाबरोबर कमीजास्त व्हायची आणि आज ती शिगेला पोचली होती. सगळ्यांनी धम्मपालकडे बघितलं. आता हा बोलणार, अर्धा तास गेला, असं समजून राकेशने भिंतीला पाठ टेकली.

धम्मपालने घसा साफ केला, आणि त्याच वेळी दीक्षाने त्याला आतल्या खोलीत बोलावलं.

तिच्या हातात बाबांची चिठ्ठी होती. हँगरला लावलेला त्याचा सदरा इस्त्रीला घेताना सापडली, म्हणाली. मग तिने तिच्या मोबाईलवर आजीचं नाव शोधलं होतं. हुशार पोरगी, रक्त तपासणाऱ्याला थेंब पुरतो.

"पप्पा, तुम्ही आजीला मारलंत?"

धम्मपाल कॉटवर बसला. त्याने सगळं सांगितलं, चष्म्यासकट. दीक्षाने आधी तोंडावर हात दाबला, मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून धम्मपालने तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती हसत होती. हसून झाल्यावर तिने चिठ्ठी परत त्याच्या हातात ठेवली आणि शांतपणे सौदा मांडला. ती आजीला सांगणार नाही. त्या बदल्यात पप्पांनी तिला आज मतदानाचा म सुद्धा ऐकवायचा नाही, आणि बाकीच्यांनाही ऐकवू द्यायचा नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान अशी गत झालेल्या माणसाला दुसरा मार्ग नव्हता. धम्मपाल बाहेर आला आणि म्हणाला की पोरीला जबरदस्ती करू नका, मत न देणं हाही एक विचार आहे.

राकेशची पाठ भिंतीवरून सुटली. नेत्राच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. ताप आहे का हे लांबूनच कळावं अशा नजरेने धम्मदिनाने भावाकडे बघितलं. पण धम्मपालला थांबता येईना. एक धोंडा गळ्यात पडला, आता दुसरा त्याने आपणच ओढून घेतला. म्हणाला, आईनेही यंदा कशाला जावं? गुडघे दुखतायत. ऊन आहे. रिक्षा शाळेपर्यंत जात नाही. घरात दुःख झालेलं आहे, लोक समजून घेतील. एक वेळ नाही गेलं तर काय होतंय.

हे शेवटचं वाक्य ऐकून द्रौपदीबाई माजघरातून बाहेर आल्या. पांढरं लुगडं नेसून, कार्ड हातात घेऊन, केव्हाच्या तयार होत्या. त्यांनी धम्मपालला आपादमस्तक न्याहाळलं आणि मुलीला विचारलं, "दिने, हा माजाच पोरगा हाय ना?"

धम्मदिनाने भावाला ओढून गॅलरीत नेलं. तिचा संशय साधा होता. दादाला कुणीतरी फोडला. निवडणुकीच्या दिवशी धम्मपाल रोकडे घरच्यांना मतदानापासून अडवतोय, याचा दुसरा काय अर्थ निघतो? आपल्या वस्तीची मतं कमी पडावीत म्हणून अशी माणसं गाठतात, तिच्या सासरी एकाला गाठलं होतं. काय दिलं तुला, तिने विचारलं. गोदामात बढती? राकेशला हे पटलं नाही, पण पटलं नाही म्हणून गप्प बसेल तो राकेश कसला. दादा विकला गेला असेल तर निदान घरात सांगायचं होतं, असं तो म्हणाला. नेत्राने पदर डोळ्याला लावला. इतकी वर्षं या माणसाची लोकशाही ऐकली, ती काय याच्यासाठी?

धम्मपालला एका वाक्यात सुटता आलं असतं. पण ते वाक्य आईला मारल्याचं होतं. विकला गेलेला मुलगा परवडला, असा हिशेब करून तो मान खाली घालून उभा राहिला. दीक्षाला आता हसू येत नव्हतं. तिने बापाला असं उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

द्रौपदीबाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. चपला घातल्या. म्हणाल्या, कुनी येवो न येवो, मी चालले. आणि दीक्षाकडे बघून म्हणाल्या, तुला मत टाकायचं न्हाय ना, नको टाकूस, पण माज्या गुडघ्याला हात तर देशील? दीक्षा निघाली. मग सगळेच निघाले. नेत्राने गॅस बंद केला आणि मटणावर दोन झाकणं घातली.

शाळेच्या पटांगणात बायकांची आणि पुरुषांची अशा दोन रांगा. कापडाच्या लूमना सुट्टी, त्यामुळे कारखान्यातली माणसं शिफ्टची झोप अर्धी टाकून आलेली. गल्लीतल्या लोकांनी धम्मपालला नमस्कार घातले, दोघातिघांनी लांबूनच बोटं वर करून दाखवली. तो त्यांच्याकडे बघू शकला नाही. आईच्या पुढे वीस बायका होत्या, मग बारा, मग पाच.

खोलीच्या दारात यादी घेऊन बसलेल्या बाईंनी द्रौपदीबाईंचं कार्ड घेतलं, पान उलटलं, बोट खाली आणलं आणि थांबल्या. परत वर गेल्या, परत खाली आल्या. मग फार मऊ आवाजात म्हणाल्या, "आजी, तुमचं नाव वगळलंय."

"का?"

बाई गडबडल्या. समोर बसलेल्या माणसाला कसं सांगावं हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं नसावं. त्यांनी यादी फिरवून दाखवली. द्रौपदीबाईंच्या फोटोवर आडवा शिक्का होता. त्या म्हणाल्या की मयत अशी नोंद आहे.

"मी मेले, आन मलाच म्हाईत न्हाय?"

कार्ड खरं असून चालत नाही, नाव यादीत लागतं, हे बाईंनी दोनदा समजावलं. केंद्राध्यक्ष उठून आले, त्यांनीही तेच सांगितलं. पण तोवर गोष्ट दारातून बाहेर गेली होती. पुरुषांच्या रांगेतला एक लूमवाला पुढे सरकून म्हणाला, "साहब, अम्मा जिंदा हैं. हम सब गवाह हैं." त्याच्यामागच्यांनी माना डोलावल्या. बायकांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं की आपल्याच वस्तीची नावं बरी गळतात. धम्मदिनाला तर आता सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. आईचं नाव मुद्दाम काढलं, आणि दादाला ते ठाऊक होतं, म्हणून तो अडवत होता. ती हे मोठ्याने म्हणाली. पटांगणात माणसं जमू लागली. फाटकाबाहेर एकजण मोबाईल वर धरून शूटिंग करायला लागला. कुणी म्हणालं मतदान बंद पाडा. आतल्या पोलिसाने पट्टा सावरला.

धम्मपालने हे बघितलं. आणखी दहा मिनिटांत भिवंडीतला मोठा घोटाळा उघडकीला येणार होता, आणि रांगेतली दीडशे माणसं मत न देता घरी जाणार होती, कारण या देशात काही खरं नाही. त्यातली चाळीसेक नावं त्याने स्वतः यादीत घातलेली होती.

तो दारापाशी गेला. "थांबा," तो म्हणाला. "तो फॉर्म मी भरलाय."

मग त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, कव्हरापासून बटणापर्यंत, गोदामात माल तुटला की कारण सांगावं तसं एकेक करून. चूक सरकारची नाही, बाईंची नाही, कुणाही पक्षाची नाही. माझी आहे. रांग मोडू नका. लूमवाल्याने हळूच शेजाऱ्याला विचारलं, बेटे ने ही? आणि आपल्या जागेवर परत गेला. फाटकाबाहेरच्याने मोबाईल खाली केला. यात दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पिंपळाच्या पारावर द्रौपदीबाईंना बसवलं. धम्मपाल समोर उभा. त्याने खिशातून बाबांची चिठ्ठी काढून आईच्या हातात दिली, सगळंच बाहेर पडतंय तर हेही. राकेश म्हणाला, म्हणजे बाबांचं मत अजून शाबूत आहे. आईने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो टेम्पो नीट लावलाय का ते बघायला निघून गेला.

द्रौपदीबाईंनी ती चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून सरळ केली.

"बग," त्या धम्मपालला म्हणाल्या. "मेला तरी तुज्या बाचं मत ऱ्हायलं. माजं गेलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या मतदानाला नवऱ्याने वाटेत सांगितलं होतं, अमक्यावर शिक्का मार. त्यांनी आत जाऊन दुसऱ्यावर मारला. का, ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. आडोशाला गेल्यावर आपल्याला कुणी बघत नाही, एवढंच कळलं. सासू न्हाय, नवरा न्हाय, पाटील न्हाय, असं ठिकान तोवर बघितलंच नव्हतं, म्हणाल्या. तेव्हापासून त्रेपन्न वर्षं यादवराव वाटेत सांगायचे आणि त्या मान डोलवून बरोबर उलट करायच्या. मग घरी येऊन दोघं समोरासमोर जेवायची.

"म्हणजे आजी," दीक्षा म्हणाली, "तुमच्या दोघांचं मिळून शून्य."

"शून्यच. मला म्हाईत हुतं की." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "यंदा पयल्यांदा माजं एकटीचं मोजलं जानार हुतं."

धम्मपाल खाली बसला. मातीत, सगळ्यांदेखत, आईच्या पायाशी. त्या उतावीळपणाचा, उशाखालच्या लुगड्याचा अर्थ त्याला आता लागला आणि त्याला फार वाईट वाटलं. माफ कर म्हणायला त्याच्याकडे शब्द होते, पण अर्धा अर्धा तास बोलणाऱ्या त्या माणसाला त्यातला एक काढता येईना. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ती दीक्षाकडे बघत होती.

दीक्षा म्हणाली की तिने कधीचं सांगितलंय, यांच्या कागदात खड्डा बुजतो आणि आजी मरते. मग कशासाठी जायचं? आणि एकट्याच्या मताने काय होतं? तिचा आवाज मात्र सकाळसारखा नव्हता.

"कायबी न्हाय व्हत," द्रौपदीबाई म्हणाल्या. "मी त्रेपन्न वरसं बगतेय ना. मरू दे. मेलेल्याला मत नसतंय. तू जिती हायस?"

दीक्षाने हो म्हणून मान हलवली.

"मग जा. रांग वाढतेय."

दीक्षाने ओढणी नीट केली. दोन पावलं गेली आणि परत आली. कुणाला देऊ, तिने आजीच्या कानाशी विचारलं. तुझं मत म्हणून देते.

"मी तुज्या आज्याला न्हाय सांगितलं," आजी म्हणाली, "तर तुला सांगू व्हय? आन माजं न्हाय, तुजं दे. आडोशाला गेलीस की कळंल."

घरी आले तेव्हा दोन वाजून गेले होते. नेत्राने मटण परत गरम केलं, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. पानं मांडली. द्रौपदीबाईंनी दर मतदानासारखी सगळ्यांची बोटं तपासली. राकेशचं, नेत्राचं, धम्मदिनाचं, तिने बोट पाण्यात घातलं म्हणून एक बोलणं बसलं. धम्मपालचं बोट त्यांनी जरा जास्त वेळ धरलं. दीक्षाचं उन्हाकडे नेऊन बघितलं. मग सगळ्यांना बसवलं आणि स्वतः खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

आई, बसा ना, नेत्रा म्हणाली. त्यांनी आपलं बोट पुढे केलं. कोरं होतं. शाई न्हाय, जेवन न्हाय.

धम्मदिना म्हणाली, असं कसं, तुझी चूक नाही. त्यावर त्यांचा दुसरा मुद्दा तयार होता. नियम सोडला तरी, त्या कागदावर मयत आहेत, आणि आपल्यात मेलेल्यांना पान वाढत नाहीत. सासऱ्यांनी ही प्रथा छप्पन सालीच, बौद्ध झाल्यावर, सोडली होती. म्हणजे जिवंत धरलं तर शाई नाही आणि मेलेली धरलं तर रीत नाही. राकेशने पेनाच्या शाईचा उपाय काढला आणि तोंडघशी पडला. कुणी हात लावीना. रस्सा निवायला लागला. धम्मपाल आपल्या पानाकडे बघत होता आणि त्याला ते नीट दिसत नव्हतं.

दीक्षा उठली. तिने आपल्या पानातली भाकरी मोडली, रश्श्यात चांगली बुडवली, वर मटणाचा मऊ तुकडा ठेवला आणि घास आजीच्या तोंडाशी धरला. सवयीने धरला तो डाव्या हाताने. ज्या हातावर लहानपणी फटके बसले, जो खड्ड्यात मोडला आणि ज्याच्या बोटावर आता नखापासून पेरापर्यंत काळी रेघ होती, त्या हाताने.

"याला शाई आहे," ती म्हणाली. "घे."

द्रौपदीबाईंनी त्या हाताकडे बघितलं. डाव्या हाताने खाऊ नये हे त्या घरात बिस्किटापेक्षाही जुनं होतं. मग म्हातारीने आ केला, घास घेतला, आणि डोळे मिटून हळूहळू चावला. दुसऱ्या घासाला त्या खाली बसल्या.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. सगळे एकदम जेवायला लागले.

धम्मपाल तेवढा बसून राहिला. आईने तिसरा घास गिळला आणि त्याच्या पानाकडे बोट केलं.

"तू का थांबलास? जेव पोटभर. सकाळी मला जिती करायला जायचंय."

धम्मपालने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला नीट पुसला, डोळ्यावर ठेवला आणि मग भाकरी मोडली.